आतली टीका करणारी गप्प का बसत नाही?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. ऑफिसमध्ये कुठलाही अहवाल पाठवण्याआधी मी तो पुन्हा पुन्हा तपासते. पाठवल्यावरही ‘काहीतरी चुकलंच असणार, आता सगळ्यांना कळणार तुला काही येत नाही’ असं मनात चालू राहतं. मग रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत पडते आणि सकाळी त्यावरून पुन्हा स्वतःलाच बोलते. काही महिन्यांपासून थेरपी घेते आहे. थेरपिस्ट म्हणतात, ‘तुमच्यातला जो भाग टीका करतो, त्याच्याशी बोला.’ मला हे विचित्र वाटतं. दुभंग व्यक्तिमत्त्व म्हणतात ते हेच का? आणि याला काही शास्त्रीय आधार आहे का?

उत्तर : पहिल्या शंकेचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. ज्याला आज डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात, त्या आजारात आठवणींमध्ये मोठी खिंडारं पडतात. आपण कुठे होतो, काय केलं, हे त्या माणसाला नंतर सांगता येत नाही. तुम्हाला रात्रीचा मोबाइलही आठवतो आणि सकाळची बोलणीही. एक मन म्हणतं नोकरी सोडावी, दुसरं म्हणतं थांब, असं आपण सगळेच बोलतो. तुमच्या थेरपिस्ट त्या बोलण्याकडे गांभीर्याने बघताहेत, इतकंच.

त्या बहुधा इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे आयएफएस पद्धतीने काम करत असाव्यात. मनाचे भाग असतात ही कल्पना त्याआधीचीच. इटलीतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्तो असाजिओली यांनी उपव्यक्तिमत्त्वांबद्दल लिहिलं, अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी मनाच्या पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था मांडल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड श्वार्ट्झ कुटुंबोपचार करत होते. खाण्याच्या विकारांनी त्रासलेले त्यांचे रुग्ण आपल्या आतल्या भांडणांबद्दल बोलू लागले, तेव्हा कुटुंबाकडे बघायची रीत त्यांनी मनाला लावून पाहिली : आत कोण कोणाला दाबतं, कोण कोणाला सांभाळतं? सुरुवातीला त्यांनी त्रास देणाऱ्या भागांना दटावून पाहिलं. त्याने ते भाग जास्तच चेकाळले. मग ते त्या भागांचं म्हणणं ऐकून घेऊ लागले आणि पुढची सगळी पद्धत त्यातून उभी राहिली.

तुमच्या पत्रात मला तीन भाग दिसतात. पहिला तपासणारा आणि टीका करणारा. आयएफएसमध्ये अशांना मॅनेजर म्हणतात : अपमान होऊच नये म्हणून ते आधीपासून राबत असतात. दुसरा रात्री मोबाइल हातात देणारा, फायरफायटर. दुखणं उफाळून आलं की कसंही करून ते विझवायचं, उद्याचं उद्या. तिसरा भाग पत्रात कुठेच बोलत नाही, पण बाकीच्या दोघांची सगळी धावपळ त्याच्यासाठी चालली आहे. ‘मला काही येत नाही’ ही लाज जो उराशी धरून बसला आहे, तो. त्याला एक्झाइल म्हणतात, कारण बाकीच्यांनी त्याला नजरेआड ठेवलेलं असतं. टीका करणारी आणि मोबाइल देणारी एकमेकींच्या वैरिणी वाटतात. खरं तर दोघी एकाच दारावर पहारा देताहेत.

म्हणून टीका करणाऱ्या भागाला गप्प करायच्या मागे लागू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला इथे अनेकदा फसतो, कारण त्या भागाला वाटतं, हिला धोका दिसतच नाही. मग तो आवाज आणखी चढवतो. त्याऐवजी त्याला विचारा : ‘तू हे काम थांबवलंस, तर काय होईल अशी भीती वाटते तुला?’ माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या मनात उत्तर उमटलं, ‘ती पुन्हा सगळ्या वर्गासमोर उभी राहील.’ मी पुढे विचारायला सांगितलं, ‘माझं वय किती आहे असं वाटतं तुला?’ त्या भागाच्या लेखी त्या अजून शाळकरी मुलगी होत्या. त्या आता मोठ्या आहेत, स्वतःचं बघू शकतात, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तो त्याच दिवशी बदलला नाही. पण त्या बाईंचा त्याच्यावरचा राग उतरला, आणि राग उतरल्याशिवाय पुढचं काम होत नाही.

हे पडताळायची एक सोपी रीत आहे. त्या भागाशी बोलण्याआधी स्वतःला विचारा, ‘मला याच्याबद्दल आत्ता काय वाटतंय?’ उत्तर ‘वैताग’ असेल, तर बोलणारा हा आणखी एक भागच आहे. त्याला जरा बाजूला बसायची विनंती करा. कुतूहल वाटू लागलं, थोडी माया वाटली, मन शांत झालं, तर समजा आता तुम्ही स्वतः बोलताय. श्वार्ट्झ यांनी याला सेल्फ म्हटलं आहे. त्यांच्या मते तो प्रत्येकात असतो आणि तो मोडत नाही. ते या भागांना खरोखरीच्या आतल्या व्यक्ती मानतात. मी तितकी पुढे जात नाही. माझ्या मते ही मनाकडे बघण्याची एक अतिशय उपयोगी पद्धत आहे, आणि एवढं मानूनही ती काम करते.

शास्त्रीय आधार आहे, पण तो मर्यादित आहे. संधिवाताच्या ७९ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त आजाराची माहिती मिळालेल्या गटापेक्षा ही थेरपी घेतलेल्यांना सांध्यांचं दुखणं आणि नैराश्याची लक्षणं कमी झाल्याचं जाणवलं. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, तिच्यामागे संशोधनाचं जेवढं पाठबळ आहे, तेवढं मात्र अजून आयएफएसमागे नाही.

दोन गोष्टी थेरपिस्टशी मोकळेपणाने बोलून घ्या. राखण करणाऱ्या भागांची तयारी नसताना थेट जुन्या जखमेपर्यंत जायची घाई नको. आणि मनात एखादं दृश्य उमटलं म्हणून तसं घडलंच होतं, असा निष्कर्ष दोघींपैकी कोणीही काढू नये. घरी एकट्याने करायचं असेल, तर टीका करणाऱ्या भागाशी थोडं बोलणं पुरे. बाकीचं थेरपीच्या खोलीतच होऊ द्या.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या भावाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. ते त्याला हुकूम देतात. मी मनाच्या भागांबद्दल वाचलं आहे. त्या आवाजांशी त्याला बोलायला सांगू का?

उत्तर : नको. पहिल्या पत्रातल्या ताईंना ठाऊक आहे की टीका त्यांच्याच मनातली आहे. तुमच्या भावाला आवाज बाहेरून आल्यासारखे ऐकू येतात, त्यामुळे आधी मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी हवी. झोपेत, वागण्यात काय बदल झाला, तो काही नशा करतो का, हे लिहून सोबत न्या. आवाज खरे आहेत की खोटे यावर वाद घालू नका. ‘ऐकू आल्यावर तुला भीती वाटते का?’ असं विचारा. हुकूम स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचे आहेत का, हेही सरळ विचारा. तसे असतील, तर भेटीच्या वेळेची वाट बघू नका. त्याला एकटं न सोडता आजच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा.