साइटवरचं 'पाहा' बटण दाबलं तरी काहीच होत नाही? आधी हे करून बघा

घाबरू नका, लॅपटॉप बिघडलेला नाही. सातबारा, पावती, हॉलतिकीट असलं काही नव्या खिडकीत उघडायचं असलं की क्रोम ब्राउझर कधीकधी ते पॉप-अप (जाहिरातीसारखी आपोआप उघडणारी खिडकी) समजून अडवतं. बटण दाबल्यावर लगेच ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला बघा. तिथे छोटं खिडकीचं चिन्ह उमटतं. त्यावर क्लिक करून त्या साइटला कायमची परवानगी द्या आणि बटण पुन्हा दाबा. अँड्रॉइड मोबाइलवर हेच क्रोमच्या सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग पॉप-अप्स असं सापडेल.

नव्या माणसाच्या नेहमीच्या चुका:

- सगळ्याच साइट्सना पॉप-अपची मोकळीक देणं. मग जाहिरातींचा जो पाऊस पडतो, विचारू नका.
- अडलं की सगळा ब्राउझिंग डेटा उडवणं. मी एकदा उडवला आणि अर्धा दिवस पासवर्ड आठवत बसलो. फक्त त्या एका साइटचा डेटा काढता येतो.
- फॉर्म भरताना बॅक दाबणं. सेशन (साइटवरचं चालू लॉगिन) गेलं की परत ओटीपीपासून सुरुवात.

तरीही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून इन्कॉग्निटोत (क्रोमच्या खासगी खिडकीत) तीच साइट उघडा. तिथे चालली तर बहुधा एखादं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेलं छोटं ॲप) किंवा जुन्या कुकीज (साइटने साठवलेल्या छोट्या फाइल्स) आड येताहेत.

आणि 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा' ही सूचना दिसली तर सोडून द्या, त्या जुन्या ब्राउझरचा सपोर्ट जून 2022 मध्येच संपला. जावास्क्रिप्ट, प्रॉक्सी वगैरे सेटिंग्जना सध्या हातही लावू नका.