वाचकांचे प्रश्न : वैमानिकाची मुलाखत आणि ‘का?’

प्रश्न : कमर्शियल पायलट लायसन्स हातात आहे. एअरलाइनच्या मुलाखतीला तीन आठवडे उरलेत. प्रश्नसंच दोनदा पाठ केलाय, पण सरावात कुणी ‘का?’ विचारलं की अडतो. तांत्रिक भागाची तयारी कशी करू?

उत्तर : प्रश्नसंच बाजूला ठेवा. व्याख्या तुम्हाला येते हे समोरच्यांनी धरलेलंच असतं, त्यांना पाहायची असतात त्यापुढची दोन पावलं.

व्ही-वन घ्या. ‘निर्णय घेण्याचा वेग’ एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. खरं तर टेक-ऑफ सोडायचा असेल तर थांबण्याची पहिली कृती व्ही-वनपर्यंत झालेली असावी लागते. त्या वेगाला पोहोचून विचार सुरू केला, तर उरलेली धावपट्टी पुरेलच असं नाही. मग विचारतील, धावपट्टी ओली असेल तर? ब्रेक कमी धरतात, थांबायला अंतर जास्त लागतं, म्हणून व्ही-वन सहसा खाली आणतात. त्याची किंमत काय? कमी वेगाला इंजिन गेलं आणि टेक-ऑफ चालू ठेवला तर उरलेल्या इंजिनावर वेग वाढवायला जास्त धावपट्टी जाते. म्हणूनच ओल्या धावपट्टीच्या हिशेबात टेक-ऑफच्या अंतराच्या शेवटी गाठायची उंची ३५ ऐवजी १५ फूट धरायची मुभा असते. इतकी साखळी न अडखळता सांगता आली पाहिजे.

स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारं विमानाच्या अंगावरचं छिद्र, बुजलं तर एअरस्पीड इंडिकेटर (वेग दाखवणारं यंत्र) काय दाखवेल? इथे कागद मागून घ्या आणि आकृती काढा. यंत्रातल्या कॅप्सूलच्या आत पिटोटचा, म्हणजे समोरून येणारी हवा झेलणाऱ्या नळीचा दाब, बाहेर डबीत स्टॅटिक दाब. सुई दाखवते तो दोहोंतला फरक. पोर्ट बंद झालं की त्या उंचीचा दाब डबीत कोंडतो. वर चढताना पिटोटचा दाब घटत जातो, डबीतला तसाच राहतो, म्हणून वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उतरताना उलट. खरा धोका उतरतानाच आहे, कारण वेग जास्त दिसला म्हणून वैमानिक तो कमी करतो आणि विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल कोलमडण्याकडे, सरकतं. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) मात्र दोन्ही वेळा जागचा हलत नाही.

तोंडी हिशेब रोज करा. तीन अंशांच्या उतरणीला लागणारं अंतर म्हणजे हजार फुटांतल्या उंचीची तिप्पट : ३०,००० फुटांवरून ९० नॉटिकल मैल, शिवाय वेग कमी करायला थोडं जास्त. उतरण्याचा दर ग्राउंडस्पीडच्या (जमिनीच्या सापेक्ष वेगाच्या) पाचपट : १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. उंची न सोडता ६० अंश बँक केलं, म्हणजे विमान कुशीवर कलवलं, तर लोड फॅक्टर (पंखांवरचा भार वजनाच्या किती पट) २, आणि स्टॉलचा वेग १.४१ पट, म्हणजे ५० नॉटचा ७०. दोनाच्या वर्गमूळामुळे, हे न विचारता सांगा.

उत्तरं मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा. मनात नीट जुळलेलं उत्तर तोंडात येताना विस्कटतं, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : कंपनीकडे असलेल्या जेटची माहिती पाठ करू का?

उत्तर : इंजिनं, ढोबळ वजनं, मुख्य सिस्टिम एवढं पुरे. त्याआधी स्वतः उडवलेलं विमान पक्कं करा, कारण लॉगबुक त्यांच्यासमोर असतं. सिंगल-इंजिन विमानावर तास असतील आणि त्यात कार्बोरेटर असेल, तर बाहेर २० अंश असतानाही आत बर्फ कसा धरतो, हे यायलाच हवं : इंधनाचं बाष्पीभवन आणि व्हेंचुरीत (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात) पडणारा दाब, दोन्ही मिळून तापमान खाली ओढतात, आणि हवा दमट असली की बर्फ जमतो.