लहान टाकीत मासे आणि समुद्रफूल

प्रश्न : माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे व ती सुरू करून तीन महिने झाले आहेत. तीत क्लाउनफिशची जोडी आणि तळाशी राहणारा एक लहान गोबी मासा आहे. ॲनिमोनशिवाय, म्हणजे समुद्रफूल या दंश करणाऱ्या सागरी प्राण्याशिवाय, क्लाउनफिश सुखी राहत नाहीत, असे विक्रेत्याने सांगितल्यामुळे बबल-टिप जातीचा ॲनिमोन आणण्याचा विचार आहे. त्याच्या दंशाने गोबीला धोका होईल का?

उत्तर : गोबीबद्दलची आपली शंका रास्त आहे. क्लाउनफिशला त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे दंशापासून संरक्षण मिळते. ते गोबीला नसते. निरोगी मासा सहसा ॲनिमोनपासून लांब राहतो, परंतु आजारी, संथ किंवा रात्री तळाशी विसावलेला मासा त्याच्या शुंडकांत, म्हणजे तोंडाभोवतीच्या दंश करणाऱ्या बोटांसारख्या अवयवांत, सापडू शकतो. कार्पेट ॲनिमोन तर मासे धरून खाण्यासाठीच ओळखला जातो. याखेरीज, एकदा ॲनिमोनचा ताबा घेतला की क्लाउनफिशची मादी त्याच्या आसपास कोणालाही फिरकू देत नाही, आणि आपल्या टाकीत गोबीला पळून जायला जागाच उरणार नाही.

तरीही माझ्या मते आपल्या टाकीतील मोठा धोका दंशाचा नाही. ॲनिमोन एका जागी रुजून राहणारा प्राणी नाही. प्रकाश किंवा पाण्याचा प्रवाह मानवला नाही, तर तो तळव्याची, म्हणजे खडकाला धरून ठेवणाऱ्या बुडाची, पकड सैल करून खडकावरून सरकू लागतो, आणि लहान टाकीत सरकत जाताना पंपाचे किंवा वेव्हमेकरचे (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या यंत्राचे) तोंड फार दूर नसते. शुंडके आत ओढली गेली की ऊती फाटतात, त्यांचे तुकडे व दंशकोशिका पाण्यात पसरतात, आणि मेलेला ॲनिमोन काही तासांतच विरघळू लागून अमोनिया वाढवतो. खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली, तर आपल्याकडे प्रत्यक्षात ६० लिटरही पाणी नाही. त्यामुळे सकाळपर्यंत सारे मासे दगावण्याची शक्यता खरी आहे.

पाण्याच्या स्थैर्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ६० लिटरमधून २ लिटर पाण्याची वाफ झाली, तर हजारी ३५ भाग असलेली क्षारता ३६.२ पर्यंत चढते. ३०० लिटरच्या टाकीत तेवढीच वाफ झाली तरी ती ३५.२ वर थांबते. मासे असा चढउतार काही काळ सोसतात, ॲनिमोन मात्र आकसून बसतो. त्याच्या ऊतींतील सहजीवी शैवालांना तीव्र प्रकाश लागतो आणि तोही सातत्याने मिळावा लागतो. एडिंबरोमध्ये १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन लहान बरणीत १८८७ पर्यंत जगला, हे खरे आहे. मात्र ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील अत्यंत काटक जात होती. बबल-टिपची गोष्ट वेगळी असून तो वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत पसरू शकतो.

आणखी एक अडचण सहसा कोणी आधी सांगत नाही. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की तांबेयुक्त औषध द्यावे लागते, आणि तांबे ॲनिमोनला मारक असते. म्हणजे उपचारासाठी वेगळी टाकी तयार ठेवणे भागच पडते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, या टाकीत ॲनिमोन आणू नये. क्लाउनफिश त्याच्याशिवाय उत्तम राहतात आणि अंडीही घालतात. समुद्रात त्यांना ॲनिमोनचा आसरा लागतो तो शत्रूंपासून बचावासाठी, आणि आपल्या टाकीत शत्रूच नाही. विक्रेत्याचे म्हणणे त्यामुळे मानू नये.

पुढे निदान २०० लिटरची टाकी घेतलीत आणि ती स्थिरावून वर्षभर झाले, तर विचार अवश्य करावा. त्या वेळी पंपाच्या तोंडांवर स्पंज बसवावा. विकत घेताना ॲनिमोनचे तोंड घट्ट मिटलेले आहे ना, शुंडके हाताळताच चिकटतात ना आणि तळवा फाटलेला नाही ना, हे पाहावे. शुभ्र पांढरा ॲनिमोन देखणा दिसला तरी घेऊ नये, कारण त्याने आपले शैवाल गमावलेले असते. पुढे कधी त्याचे तोंड सतत उघडे राहू लागले, पकड सुटली आणि कुजका वास आला, तर वाट न पाहता त्याला बाहेर काढावे, बरेचसे पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा. अधूनमधून आकसून तपकिरी चिकट पदार्थ बाहेर टाकणे मात्र नेहमीचेच आहे. तेवढ्यावरून त्याला हलवू नये.