शहरात राहायचं की शेजारच्या गावात?

बदली होऊन पहिल्यांदाच मध्यम आकाराच्या शहरात येतोयस, म्हणून आधीच सांगतो: घर बघायला सुट्टीच्या दुपारी जाऊ नकोस. तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात. कामाच्या दिवशी, तुला रोज निघावं लागेल त्याच वेळेला जा. शेवटची बस खरंच कधी सुटते, ते थांब्यावर उभं राहून बघ. वेळापत्रकावर विसंबू नकोस.

मी भाडं कमी म्हणून शेजारच्या गावात घर घेतलं होतं. वाचलेलं भाडं पेट्रोलमध्ये गेलंच, पण खरी बोच वेगळी होती. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. तिची झोप मोडू नये म्हणून मी बूट दाराबाहेरच काढून हातात घेऊन आत यायचो.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहन कुठलंही असो, माणूस दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतो. तुझं जाऊन-येऊन दीड तासावर जात असेल, तर शहरातलं लहान घर घे. आजूबाजूच्या गावांत माणसं लवकर आपलंसं करतात, हे मात्र खरं. महिनाभरात शेजारी तुझ्या घराची किल्ली सांभाळायला लागतील. काम घरून होत असेल तर मी डोळे झाकून गावच सुचवेन.

घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान किती दूर आहे, तेही आगाऊ रक्कम देण्याआधी बघून ये.