ती वही आजच परत द्या

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीन पानांत ‘आम्ही ठरवलंय’ हे शब्द पाच वेळा आलेत, मुलीचं स्वतःचं म्हणणं एकदाही नाही. बारावीला 68 टक्के, त्यानंतर प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप, आणि आता तुम्ही तिला दुसऱ्या ड्रॉपला बसवताय. कारण काय, तर सौर प्रकल्पांना यापुढे बॅटऱ्या लागणार, विकसनशील देशांत हे काम वाढणार, 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेलही लिथियम-आयन बॅटरीला मिळालं. म्हणून मुलीनं नामवंत संस्थेत रसायनशास्त्र घ्यावं आणि बॅटरीतच पीएचडी करावी. क्षेत्राबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. मला काळजी वाटते ती मुलीची.

पत्राच्या शेवटी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिता: ‘हल्ली ती फारशी बोलत नाही. अभ्यास सोडून जुना इन्व्हर्टर उघडून बसते. वीज गेली की वहीत वेळा लिहीत बसते. ती वही मी काढून घेतली आहे.’

ती वही आजच परत द्या. वीज किती वाजता गेली, काय काय चालू होतं, बॅटरी किती वेळ टिकली, मागच्या महिन्यापेक्षा किती कमी टिकली, हे सगळं ती कुणी न सांगता टिपत होती. बॅटरीची क्षमता कशी घटत जाते याचंच ते मोजमाप आहे, आणि मोठ्या प्रकल्पांवर त्यासाठी माणसं पगारावर ठेवतात. ज्या क्षेत्रात तिनं जावं म्हणून तुम्ही तिला कोंडून घातलंय, त्याच क्षेत्राचं काम ती करत होती आणि तुम्ही ते थांबवलंत. हे कडक वाटेल, पण मला असंच वाटतं. तिचं न बोलणं मात्र हलक्यात घेऊ नका. आठवडाभर परीक्षेचा विषयच काढू नका, तिच्यासोबत नुसते बसा. तरीही ती गप्पच राहिली, झोप-भूक बिघडली, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या. प्रवेशाचं नंतर बघता येईल.

आता तुमचा मोठा गैरसमज. बॅटरी म्हणजे रसायनशास्त्र, असं तुम्ही धरून चाललाय. सेलच्या आत रसायनशास्त्र आहेच, पण विकसनशील देशांतल्या बहुतेक प्रकल्पांवर सेल कारखान्यातून तयार होऊन येतात, त्यातले बहुतेक चीनमधून. खरी झुंज त्यानंतर सुरू होते. लिथियम आयर्न फॉस्फेट हा लिथियम-आयनचाच एक प्रकार; त्याचा एक सेल साधारण 3.2 व्होल्टचा. असे शेकडो सेल एकापुढे एक जोडले की हजार व्होल्टच्या वरचा रॅक तयार होतो. त्यातला एकच सेल कमजोर निघाला, तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही रॅक थांबवावा लागतो. या सेलचं व्होल्टेज डिस्चार्ज होताना बराच वेळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली ते नुसतं व्होल्टेज पाहून कळत नाही. हे रॅक ज्या कंटेनरमध्ये ठेवतात तो भर उन्हात थंड ठेवायलाही त्याच प्रकल्पाची वीज जाते. हे प्रश्न इलेक्ट्रिकलचे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे, कूलिंगचे आणि सॉफ्टवेअरचे आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या केनहार्टच्या प्रकल्पात 540 मेगावॅटचे सौर पॅनेल आहेत आणि 1,140 मेगावॅट-तासांची बॅटरी, म्हणजे 1 मेगावॅट वीज 1,140 तास पुरवेल एवढी साठवण. करार आहे पहाटे 5 पासून रात्री साडेनऊपर्यंत 150 मेगावॅट देण्याचा. सूर्य उगवायच्या आधी काय द्यायचं, संध्याकाळसाठी किती राखायचं, दिवसभर ढग राहिले तर काय, हा हिशेब रोज नव्यानं मांडावा लागतो. आफ्रिकेतल्याच मलावी देशात गोलोमोटीला 20 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाजवळ फक्त 10 मेगावॅट-तासांची बॅटरी आहे. ती रात्रभर पुरणार नाही, पण लहान ग्रिडवर ढगामुळे वीजनिर्मिती अचानक घटली तर तो धक्का ती झेलू शकते. दोन्ही ठिकाणी बॅटरीच, पण काम किती वेगळं! हा फरक ज्याला कळतो, त्याची तिथे गरज आहे.

म्हणून दुसरा ड्रॉप नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जेईई, सीईटीचे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेत. आहे त्या गुणांवर इलेक्ट्रिकलला जिथे जागा मिळेल तिथे घ्या, नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कॉलेज निवडताना शाखेचं आकर्षक नाव बघू नका, प्रयोगशाळेत जाऊन उभे राहा. मुलं स्वतः इन्व्हर्टर उघडतात का, की काचेतून बघतात, ते विचारा. पीएचडीचा विषय चार वर्षांनी, आणि तोही तिनंच काढला तर.

इन्व्हर्टर उघडायला तिला मनाई करू नका, पण एकटीला उघडू देऊ नका. बॅटरीची जोडणी काढली तरी बॅटरीचे टर्मिनल जिवंतच असतात, आणि इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्येही विद्युतभार उरलेला असतो. घड्याळ, अंगठी काढून, इन्सुलेटेड हत्यारं घेऊन, आणि जाणता इलेक्ट्रिशियन शेजारी असतानाच. त्याला दोन तास घरी बोलवा. क्लासच्या फीपेक्षा ते पैसे जास्त कामी येतील.

पुढचं पत्र मात्र मला तिच्याकडून हवंय. वहीतली शेवटची चार पानं तिनं सोबत पाठवावीत. बॅटरी कुठल्या महिन्यापासून लवकर संपायला लागली आणि तिला त्याचं कारण काय वाटतं, ते मला तिच्याच शब्दांत वाचायचं आहे.