यातले चालू किती?

सई,

परवा देवघर पुसताना टाकांकडे, देवांच्या त्या चांदीच्या पत्र्यांकडे, बघून तू विचारलंस, "आई, यातले चालू किती आणि सूडोजीन किती?" त्याच आठवड्यात तुम्हाला प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची, जनुकं शिकवली होती, आणि त्यातली बिघडून निकामी झालेली ती सूडोजीन, त्यामुळे तुला ते आयतंच सुचलं. मीही हसले. पण रात्री ते कुसळासारखं टोचत राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे. पटवून द्यायला नाही हं.

आधी तुझी बाजू. माझा पगारच या जनुकांवर चालतो, तेव्हा ती मी नाकारणार कशी? १४व्या गुणसूत्राच्या टोकाशी प्रतिपिंडाच्या जड (मोठ्या) साखळीचे 'व्ही' तुकडे रांगेने बसलेत; प्रतिपिंड घडवताना त्यातला एक उचलून जोडला जातो. १९९८ साली जपानी संशोधकांनी तो डीएनएच्या साडेनऊ लाख अक्षरांचा पट्टा सलग वाचला. तुकडे निघाले १२३ आणि त्यातले ७९ मेलेले. चाळीत निम्म्याहून जास्त खोल्यांना कुलूप असावं, तसं.

ही कुलपं लागतात कशी, ते तुमच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलंय. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी एकमेकींशी देवाणघेवाण करते. एकसारखे तुकडे शेजारी-शेजारी असले की जुळवणी घसरते, मग एकीकडे प्रत जास्त जाते, दुसरीकडे कमी. जास्तीच्या प्रतीवर कुणाचं काही अडलेलं नसतं. तिच्यात एखादं अक्षर गळलं तर पुढचं सगळं वाचन सरकतं, किंवा मध्येच 'थांबा'ची खूण उगवते. कधी आतला मजकूर धड असतो, पण कडेची खूण बिघडते. कापून जोडणारी विकरं ती खूण बघूनच तुकडा उचलतात, त्यामुळे असा तुकडा कुणी उचलतच नाही. भावंडं काम निभावून नेतात, शरीराला फरक पडत नाही, म्हणून ती चूक गाळलीही जात नाही. आणि गंमत म्हणजे पुढे पट्टाच्या पट्टा दुप्पट होतो, तेव्हा मेलेल्याचीही शेजाऱ्यांबरोबर नक्कल निघते.

इथे मला बापूकाकांचं वेगळं होणं आठवलं.

मी चौथीत होते. नाशिकचा, तिवंध्याजवळचा वाडा वाटला गेला, चुली दोन झाल्या. देव मोठ्या घरी राहतात, धाकट्याने नवे टाक करून घ्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. तात्या आणि बापूकाका आमचे टाक फडक्यात बांधून सराफ बाजारात निघाले, मी शेपूट धरून मागे. सोनाराने एकेक टाक उजेडात धरून पाहिला. देवी, विरोबा, जोडीचे पूर्वज, हे सगळं ओळखू आलं. एकावर मात्र नुसता उंचवटा उरला होता. "याच्यावर काय उमटवू?" तात्या म्हणाले बहिरोबा, काका म्हणाले खंडोबा. घरी येऊन माईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या वेळीच तो असा होता. मी आपली 'देवा' म्हणते." शेवटी सोनाराने घोडेस्वार काढून दिला. तेव्हापासून काकांच्या घरी तो खंडोबा आहे आणि आपल्याकडे तो अजून नुसता उंचवटा. चंपाषष्ठीला काकू त्याला भंडारा वाहते तेव्हा मला हसू येतं, आणि थोडा हेवाही वाटतो.

गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते तात्या बघून येत. "कमरेवर गेलं," म्हणाले की माई आधी देव माळ्यावर नेत, मग धान्य. त्या बिनचेहऱ्याच्या टाकालाही खाली ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. श्रद्धा असेल, नाहीतर मोजून निवडत बसायला वेळ नसेल. पेशीचंही तेच म्हण ना. ती मेलेली जनुकं जपत नाही, फक्त फेकत नाही.

मला कोंबडीचं उदाहरण द्यायचा मोह होतोय. तिच्यात जड साखळीचा चालू 'व्ही' एकच असतो आणि त्याच्या मागे ऐंशीच्या आसपास मेलेले. पण त्या मेलेल्यांतले तुकडे त्या एकात भरत भरत ती नाना तऱ्हेची प्रतिपिंडं करते. बघ, निकामीही कामाला येतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण माणसाचं शरीर तसं करत नाही, तुकडे जोडण्याची आणि अक्षरं बदलण्याची त्याची वाट वेगळी आहे. तू लगेच पकडलं असतंस.

तुझ्या विनोदात मला एकच खोट दिसते. जनुक बिघडतं आणि तसंच राहतं, कारण त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. टाकाचा चेहरा मात्र रोजच्या हाताने गेला. माई रांगोळीने घासायच्या, त्यांच्या सासूबाई राखेने. आम्हा मुलींची पाळी रविवारी असे आणि चांदी लखलखली नाही तर पुन्हा घासायला लावत. आमच्याही बोटांनी एखादं नाक नेलं असेल.

हे लिहून झालं आणि उठून देवघराचं दार उघडलं. सगळे टाक काळे पडलेत. इथे आल्यापासून मी दिवाळीलाच घासते, मागच्या दिवाळीला तेही राहिलं. म्हणजे आता त्यांचे चेहरे झिजायचे नाहीत.

तू मोजायला सांगितलं होतंस. ओळखू येणारे सहा, न येणारा एक. तुला पुढे यातलं काही नको असेल तर नको, मी रागावणार नाही. नाशिकला काकूकडे देऊन येईन. पण रविवारी वेळ असला तर ये. रांगोळी आहे घरात, जुना टूथब्रशही आहे. त्या एकाला जरा हलक्या हाताने घास.

आई