आधी फासा हातात दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. लातूरच्या ट्यूशन एरियाजवळ, वडलांच्या स्टेशनरीच्या दुकानात तू रोल-प्लेइंग गेम्सचं, म्हणजे सोंग घेऊन मिळून गोष्ट रचायच्या खेळांचं, कपाट मांडलंस, हे वाचून बरं वाटलं. लोक डबे उलटसुलट करून बघतात आणि वह्या घेऊन जातात म्हणतेस. जाणारच. कॅरमचा बोर्ड पाहिला की खेळ कळतो. इथे डब्यात निघतात पुस्तक, कागद आणि फासे. खेळ सुरू होतो तो चार माणसं बसल्यावर.

म्हणून कुणी "हे काय असतं?" विचारलं, तर १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला मूळ खेळ काढला, तिथपासून सुरू करू नकोस. मी वर्षभर तेच केलं. लोक मान डोलवायचे आणि सटकायचे. आता वीस बाजूंचा फासा सरळ हातात ठेवतो. "तू देवगिरीच्या अंधारीत आहेस. मशाल विझली. पुढून पावलांचा आवाज येतोय. काय करतोस?" अंधारी, म्हणजे किल्ल्यातली ती काळोखी भुयारी वाट, आपल्याकडे शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, वटवाघळांच्या वासासकट; परदेशी गोष्टींतले एल्फ नि ड्वार्फ समजावत बसावं लागत नाही. पोरगा म्हणतो, "भिंतीला चिकटतो." "टाक फासा. बारा किंवा वर पडले तर तू दिसला नाहीस." सात पडतात. "आता?" असं तो विचारतो, तिथेच थांब. "रविवारी टेस्ट झाली की मित्रांना घेऊन ये," एवढंच म्हण.

फासे दिसले की आईबाप हमखास विचारतात, जुगार आहे का? हसू नकोस, रास्त प्रश्न आहे. पैसे लागत नाहीत, भारुडात सोंग घेतात तसं प्रत्येकजण एक सोंग घेतो, हे सांग. नाथांच्या पैठणापासून आपण काही फार लांब नाही. "मग जिंकतं कोण?" याला मात्र माझ्याकडे अजून झटपट उत्तर नाही. सगळे एकाच बाजूचे असतात म्हटलं की काहींचा चेहरा पडतो. त्यांना बुद्धिबळाचा पट दे.

पहिल्याच महिन्यात मी एका मुलाला तिन्ही जाड पुस्तकं विकली होती. खेळाडूंचं, गेम मास्टरचं (म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचं), राक्षसांचं. खूश होतो. महिन्याने त्याचे वडील ती घेऊन आले, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पोराला खेळायला कुणी नव्हतं, आणि मी ते विचारलंच नव्हतं. पैसे परत केले. तेव्हापासून एकटा आला की वहीत नाव लिहून घेतो. चार नावं झाली की बोलावतो. चौघांत गोष्ट सांगायची हौस कुणाला, ते बघायचं. स्टार्टर सेट, म्हणजे नवशिक्यांचा डबा, त्यालाच. बाकीच्यांना सात फाशांचा एकेक संच पुरतो. मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, हेही सांगून टाक.

पुस्तकं इंग्रजीत, म्हणून पोरं बिचकतात. एका पानावर सोंगाचे सहा गुण मराठीत लिहून झेरॉक्स काढ: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. 'छाप'वर मी दोन दिवस घालवलेत, बदलू नकोस.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. गेम मास्टर तू. मी चोर होणार आहे, आणि नियम मुळीच आठवून देणार नाही.

तुझा,
काका